ओठाचा बधिरपणा आणि पॉलिसीची तारीख

माझ्या दवाखान्यात खुर्चीवर बसलेल्या पेशंटला समोरच्या भिंतीवर चार फ्रेम दिसतात. एक माझी पदवी. दुसरं महाराष्ट्र राज्य डेंटल कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र, ज्यावर ‘ए’ अक्षराने सुरू होणारा माझा क्रमांक आहे. तिसरी एक्स-रे मशीनची अणुऊर्जा नियामक मंडळाकडची नोंद आणि चौथी जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेली परवानगी. ठाकुर्लीतला एका खुर्चीचा दवाखाना चालवायलाही एवढे कागद लागतात आणि ते लागावेत, असंच माझं मत आहे.

या कागदांमागे मोठा इतिहास आहे. आपल्याकडे दंतवैद्यांसाठी कायदा झाला तो १९४८ साली. त्याआधी दात कोणीही काढायचं. जत्रेत चटई पसरून बसलेला दातवालासुद्धा. कायद्याने नोंदवही आणली आणि तिचे दोन भाग केले. पदवी घेतलेले पहिल्या भागात. आणि पदवी नसली तरी निदान पाच वर्षं याच धंद्यावर पोट भरलेले दुसऱ्या भागात. पुढच्याच वर्षी डेंटल कौन्सिल ऑफ इंडिया स्थापन झाली, राज्याराज्यांच्या कौन्सिलांनी नोंदवह्या सांभाळल्या, आणि नोंदणीशिवाय व्यवसाय करणं गुन्हा ठरलं. २०१४ च्या आचारसंहितेनुसार नोंदणी क्रमांक दवाखान्यात दिसेल असा लावावा लागतो, चिठ्ठीवर आणि पावतीवर छापावा लागतो, केसपेपर किमान तीन वर्षं जपावे लागतात, आणि पेशंटने मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात.

एवढं सगळं आहे. मात्र उपचारात काही बिनसलं आणि पेशंटचं नुकसान झालं, तर भरपाईचे पैसे कुठून येणार, हे भिंतीवरचा एकही कागद सांगत नाही. डॉक्टरकडे विमा आहे का, हे कुणी विचारत नाही. किरणं किती लागतात ते बघायला यंत्रणा आहे, सुया कुठल्या डब्यात जातात ते बघायला आहे, कचऱ्याच्या पिशवीवर बारकोड आहे की नाही तेही तपासलं जातं. विम्याचं मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलं आहे. मला हे खटकायला लागलं ते एका अक्कलदाढेमुळे.

ठाकुर्ली म्हणजे डोंबिवली आणि कल्याण यांच्या मधलं, स्लो लोकलच थांबते असं स्टेशन. मी इथे पूर्वेला दवाखाना थाटला तेव्हा चोळेगावाच्या बाजूला बैठी घरं आणि चाळी होत्या, रेल्वेत कामाला जाणारी कुटुंबं होती, आणि पत्ता सांगताना लोक रेल्वेच्या जुन्या पॉवर हाऊसची खूण सांगायचे. आता नव्वद फुटी रस्त्याला टॉवर उभे राहिलेत आणि दर दोन इमारतींमागे एक डेंटल क्लिनिक आहे. या छोट्या दवाखान्यांचं काम कन्सल्टंटांवर चालतं. अवघड रूट कॅनॉलला एक जण, दात सरळ करायला दुसरा, लहान मुलांसाठी तिसरी, आणि अक्कलदाढा काढायला ओरल सर्जन. आठवड्यातला एखादा वार ठरलेला असतो. पाठीवर सॅक, सॅकमध्ये स्वतःचं ड्रिल मशीन, बर, एलिव्हेटर, टाक्यांचं सामान. सकाळी बदलापूर, दुपारी ठाकुर्ली, संध्याकाळी ठाणे. केस होईल तेवढे पैसे. या मुलामुलींच्या हातात कौशल्य असतं, पण स्वतःचा दवाखाना उभा करायला भांडवल नसतं. आणि पेशंटच्या दृष्टीने ते ‘तुमच्याकडे येणारे डॉक्टर’ असतात. पाटी माझी, पावती माझी, शब्द माझा.

ती अक्कलदाढ ज्यांची, त्या बाई आमच्या भागातल्या एका मराठी शाळेत शिकवतात. पस्तिशीच्या आसपास वय. खालची उजवी अक्कलदाढ आडवी पडून पुढच्या दाढेला टेकली होती. तिच्यावरची हिरडी पुन्हापुन्हा सुजायची, तोंड उघडेना व्हायचं, आणि दर वेळी अँटिबायोटिकचा कोर्स घेऊन तेवढ्यापुरतं भागायचं. दाढ काढायला हवी होती, याबद्दल दुमत नव्हतं. एक्स-रेत मात्र एक गोष्ट दिसत होती. खालच्या जबड्याच्या हाडातून एक बोगदा जातो, आणि त्यातून खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना वाहणारी नस. एक्स-रेत या बोगद्याच्या दोन बारीक पांढऱ्या कडा दिसतात. बाईंच्या दाढेच्या मुळापाशी वरची कड तुटलेली होती आणि त्याच जागी मूळ काळसर दिसत होतं. नस आणि मूळ अगदी अंगाला अंग लावून असण्याची ती खूण. आम्ही डोंबिवलीहून सीबीसीटी स्कॅन करून आणायला सांगितला. स्कॅननेही तेच दाखवलं.

माझ्या कन्सल्टंटने स्कॅन स्क्रीनवर लावून बाईंना सगळं समजावलं. संमतीपत्र मराठीत आहे. ‘खालचा ओठ आणि हनुवटी काही काळ किंवा क्वचित कायमची बधिर राहू शकते’ हे वाक्य त्यात स्पष्ट आहे. बाईंनी तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि विचारलं, “क्वचित म्हणजे किती, डॉक्टर?” तो म्हणाला, “बाई, बहुतेकांना होतच नाही. शंभरात थोड्या जणांना होतं, त्यातल्या बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत, महिन्यांत बरं होतं. कायमचं राहणं शंभरात एकापेक्षाही कमी. पण तुमचं मूळ नसेच्या जवळ आहे, त्यामुळे तुम्हाला धोका इतरांपेक्षा जास्त.” बाईंनी घरी जाऊन विचार केला, मिस्टरांशी बोलल्या, आणि पुढच्या आठवड्यात येऊन सही केली. २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या सहीला संमती मानू नये, पेशंटला पुरेशी माहिती देऊन त्याच उपचारासाठी घेतलेली संमती हवी, असं सांगितलं. आमच्या खोलीत त्या दिवशी तेच घडलं होतं.

शस्त्रक्रिया नीट झाली. दाढ तुकडे करून काढली, मुळाशी जोर लावला नाही, नस उघडी दिसली पण सलग होती. तसं त्याने केसपेपरवर लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला. “डॉक्टर, इंजेक्शनचा अंमल अजून उतरलाच नाही.”

बधिर ओठ बाहेरून अजिबात दिसत नाही. हलतो नीट, बोलणं स्पष्ट येतं, हसू सरळ असतं, कारण ओठ हलवणारी नस वेगळी आहे. पण आतून त्या माणसाला ओठ सुजून लोंबतोय असं वाटत राहतं. चहा ओघळला तरी कळत नाही. बाई शिकवताना दर दोन वाक्यांनी रुमालाने ओठ टिपायच्या, तिथे काही लागलेलं नसताना. लागलं आहे की नाही हेच त्यांना समजायचं नाही. भाताचं शीत हनुवटीवर राहिलं तर समोरची मुलं हसतील, ही धास्ती. मी त्यांना दवाखान्यात बोलावून बधिर भागाचा नकाशा काढायचे. डोळे मिटायला सांगून कापसाचं टोक गालाकडून हनुवटीकडे हळूहळू सरकवायचं आणि विचारायचं, “कळतंय? आता? आता?” जिथे उत्तर बदललं तिथे त्वचेवर पेनाने ठिपका. ठिपके जोडले की ओठाच्या मध्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत आणि खाली हनुवटीच्या कडेपर्यंत एक वेडावाकडा चौकोन तयार व्हायचा. त्याचा फोटो तारखेसह केसपेपरला लावायचा. पुढच्या खेपेला तो चौकोन थोडा लहान झाला की बाईंना फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवायचा. औषधाबरोबर या फोटोंनीच त्यांना धीर दिला, असं मला वाटतं.

पण धीर सगळ्यांचा सारखा नसतो. काही महिन्यांनी वकिलाची नोटीस आली, माझ्या नावाने आणि कन्सल्टंटच्या नावाने. बाईंच्या मिस्टरांनी पाठवली होती. मी रागावले नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही कुठेतरी दाद मागितली असती.

त्या संध्याकाळी मी माझी पॉलिसी काढून वाचली. प्रोफेशनल इन्डेम्निटी म्हणतात तिला. दवाखाना सुरू केला त्या वर्षी एका ज्येष्ठ डॉक्टरांनी बळेबळे काढायला लावली होती आणि तेव्हापासून ती न चुकता चालू आहे. हप्ता वर्षाला काही हजारांचा. दवाखान्याच्या विजेच्या बिलापुढे तो काहीच नाही. अटी मात्र लक्ष देऊन वाचायच्या असतात. नोटीस आली की ताबडतोब लेखी कळवायचं. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे देऊ असं बोलायचं नाही, परस्पर तडजोड करायची नाही. वकिलाचा खर्चही आधी विचारूनच. मी दुसऱ्या दिवशी नोटिशीची प्रत, केसपेपर, संमतीपत्र, एक्स-रे, स्कॅन आणि नकाशांचे फोटो जोडून कंपनीला पत्र दिलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण या अटीचा चुकीचा अर्थ काढून कित्येक डॉक्टर पेशंटशी बोलणंच बंद करतात. जबाबदारी कबूल करू नका, एवढंच पॉलिसी सांगते. पेशंटला खरं सांगू नका, असं ती कुठेही म्हणत नाही. ‘नसेला त्रास झाला आहे, असा असा बरा होतो, मी दर पंधरवड्याला तपासणार आहे’ हे सांगण्याने कुठलीही अट मोडत नाही. मी बाईंना नोटिशीनंतरही बोलावत राहिले आणि त्या येत राहिल्या.

माझा कन्सल्टंट मात्र फोन उचलेना. नंतर एका रात्री उशिरा त्याचाच फोन आला. “मॅडम, माझी पॉलिसी चालणार नाही.”

त्याची अडचण समजून घ्यायला या विम्याची रीत माहीत हवी, आणि ती माझ्या ओळखीच्या बहुतेक डेंटिस्टांना माहीत नाही. गाडीच्या विम्यात अपघात ज्या दिवशी झाला त्या दिवशी पॉलिसी चालू होती का, एवढं बघतात. आपल्याकडच्या या व्यावसायिक विम्यात दावा ज्या वेळी केला जातो त्या वेळी पॉलिसी चालू असावी लागते आणि शिवाय उपचार पॉलिसीवरच्या ‘रेट्रोअॅक्टिव्ह डेट’नंतर झालेला असावा लागतो. सलग नूतनीकरण केलं तर ही मागची तारीख तीच राहते. माझ्या पॉलिसीवर ती माझ्या पहिल्या वर्षाची आहे. खंड पडला, किंवा कंपनी बदलताना नव्या कंपनीकडून जुनी तारीख लिहून घेतली नाही, तर ती तारीख नवी होते आणि आधी केलेलं सगळं काम उघडं पडतं. त्याने नेमकं हेच केलं होतं. बाईंची दाढ काढली तेव्हा त्याची एका कंपनीची पॉलिसी होती. थोड्या दिवसांनी ती संपली. एजंटने दुसरी, जरा स्वस्त, आणून दिली. नव्या पॉलिसीवर मागची तारीख तिच्या स्वतःच्या पहिल्या दिवसाचीच होती. नोटीस आली नव्या पॉलिसीच्या काळात, शस्त्रक्रिया त्या तारखेच्या आधीची. जुनीत दावा आला नव्हता, नवीत उपचार बसत नव्हता. जुनी पॉलिसी चालू असताना त्याने ‘पेशंटचा ओठ बधिर आहे, पुढे दावा होऊ शकतो’ असं नुसतं लेखी कळवलं असतं, तरी त्या जोरावर दाद मागता आली असती. हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. पाच वर्षांच्या पदवीत आणि तीन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणात नसेचा इंचन्इंच शिकवतात. पॉलिसी वाचायला शिकवत नाहीत.

“म्हणून फोन उचलत नव्हतास?” मी विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, काय बोलू हेच कळत नव्हतं. बाईंना भेटायलाही भीती वाटत होती. एज्युकेशन लोन चालू आहे. उद्या पाच-दहा लाख भरा म्हटलं तर कुठून आणू?”

त्याच्या या वाक्याने माझं मत पक्कं झालं. विमा नसलेला डॉक्टर पेशंटपासून पळतो. तो वाईट असतो म्हणून नाही. सरळ बोललं तर घर विकावं लागेल, अशी भीती त्याला असते. आणि ज्या वेळी पेशंटला डॉक्टरची सगळ्यात जास्त गरज असते, नेमका त्याच वेळी तो डॉक्टर नाहीसा होतो.

माझी पॉलिसी माझ्यापुरती होती. बाहेरून येणाऱ्या कन्सल्टंटच्या हातून काही झालं, तर दवाखान्याची मालकीण म्हणून मला जबाबदार धरलं जाऊ शकतं, पण त्याच्या स्वतःच्या जबाबदारीचे पैसे माझी पॉलिसी भरत नाही. आमच्या पट्ट्यातल्या शेकडो दवाखान्यांची हीच गत असणार, कारण काम सगळीकडे याच पद्धतीने चालतं.

कंपनीने नेमलेल्या वकिलांनी मला समजावलं की बाईंना दोन दारं उघडी आहेत. एक मुंबईतलं राज्य डेंटल कौन्सिल. तिथे तक्रार करता येते. दोष सिद्ध झाला तर कौन्सिल डॉक्टरचं नाव नोंदवहीतून काढू शकतं. पण पेशंटला एक रुपया देववण्याचा अधिकार कौन्सिलला नाही. दुसरं दार ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाचं. १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, आणि तेव्हापासून दंतवैद्यही त्यात आले. २०१९ च्या नव्या कायद्यानुसार पेशंट जिथे राहतो तिथल्या आयोगात जाऊ शकतो, दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. डॉक्टरला लेखी उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. पंचेचाळिसाव्या दिवसानंतर उत्तर घेताच येत नाही, असं २०२० साली घटनापीठाने ठरवून टाकलं आहे. आयोग भरपाई देववू शकतो, पण डॉक्टरच्या नोंदणीला हात लावू शकत नाही. म्हणजे एकाकडे शिक्षा आहे, दुसऱ्याकडे पैसा आहे. आणि पैशाचा आदेश झाला तरी तो भरायची डॉक्टरची ऐपत आहे का, हे दोघांपैकी कुणीच आधी बघितलेलं नसतं.

आमचं प्रकरण आयोगापर्यंत गेलं नाही. आम्ही उत्तरासोबत सगळे कागद दिले. बाईंच्या मिस्टरांनी ते दुसऱ्या एका तज्ज्ञाला दाखवले. त्यांनी सांगितलं की ही माहीत असलेली गुंतागुंत आहे, निष्काळजीपणा दिसत नाही. वर्ष सरेपर्यंत चौकोन आक्रसत आक्रसत हनुवटीखाली नाण्याएवढा उरला. तेवढा बहुधा राहील. बाई आजही माझ्याकडे येतात. शेवटच्या बैठकीत त्या म्हणाल्या, “डॉक्टर, तुमची चूक नव्हती हे पटलं मला. पण माझीही नव्हती ना?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. विमा सक्तीचा असता तरी बाईंना काही मिळालं नसतं, कारण हा विमा कायदेशीर जबाबदारी ठरली तरच पैसे देतो. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अशी योजना आहे की, चूक कुणाची हे न बघता इजा झालेल्याला मदत मिळते आणि उपचारातल्या इजाही तिच्यात बसतात. आपल्याकडे ते लवकर होईल, असं मला वाटत नाही. पण म्हणून निदान खऱ्या चुकीच्या वेळी तरी पेशंट रिकाम्या हाताने परतू नये, एवढं मागायला काय हरकत आहे?

माझी कॉलेजातली मैत्रीण इंग्लंडमध्ये प्रॅक्टिस करते. तिथे २०१४ पासून कायदाच आहे: पुरेशी इन्डेम्निटी नसेल तर दंतवैद्याला काम करता येत नाही, आणि जनरल डेंटल कौन्सिलकडे दर वर्षी नोंदणी टिकवताना तसं जाहीर करावं लागतं. खुर्चीशेजारी उभी राहणारी नर्सही तिथे नोंदणीकृत असते आणि तिलाही संरक्षण असावं लागतं. ऑस्ट्रेलियातही डेंटल बोर्ड हीच अट घालतं. मैत्रीण हप्त्याच्या नावाने कुरकुर करते, तिथला हप्ता जबर आहे. शिवाय तिथले डॉक्टर तक्रारीच्या धास्तीने अवघड केस पुढे ढकलतात, हेही ती सांगते. हे तोटे खरे आहेत, आणि आपल्याकडे सक्ती आणताना ते डोळ्यांसमोर ठेवावे लागतील. पण एक वाक्य तिने सहज म्हटलं ते माझ्या मनात बसलं: “अगं, पेशंटसमोर मी मोकळेपणाने बोलू शकते, कारण माझ्या पाठीशी कोणीतरी आहे हे मला माहीत असतं.”

आपल्याकडे हा विषय काढला की सहकारी म्हणतात, आणखी एक खर्च, आणखी एक फॉर्म. आणि विमा आहे कळलं की लोक जास्त केस करतील. पण सक्तीचा विमा आपल्याला नवा कुठे आहे? ठाकुर्लीच्या रस्त्यावरची प्रत्येक स्कूटर थर्ड पार्टी विम्याशिवाय चालवणं गुन्हा आहे. इथून जवळच डोंबिवलीची एमआयडीसी आहे. भोपाळनंतर, १९९१ साली, घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यांना बाहेरच्या माणसांसाठी विमा उतरवणं कायद्याने बंधनकारक झालं. २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत त्याच एमआयडीसीत स्फोट झाले, तेव्हा असा कायदा का लागतो, हे या भागातल्या कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही. नसबंदी शस्त्रक्रियांसाठीही २००५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सरकारने विमा योजना आणली, आणि तिच्यात डॉक्टरांनाही संरक्षण होतं. मग दाताच्या खुर्चीलाच वगळायचं कारण मला दिसत नाही. लाखो लोक दर वर्षी या खुर्च्यांवर बसतात, आणि बहुतेक जण पैसे खिशातून भरतात.

२०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला. १९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी तो केला आहे. त्यात नीतिमत्ता आणि नोंदणीसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे, राष्ट्रीय नोंदवहीची आहे. विम्याची सक्ती त्यात लिहिलेली नाही. पण व्यवसायाचे नियम ठरवणारं मंडळ कायद्यातच असल्यावर ही अट नियमांतून आणता येईल. नोंदणी टिकवण्याच्या अर्जात तीन रकाने वाढवायचे आहेत: पॉलिसी क्रमांक, रक्कम, मागची तारीख. ज्यांचं उत्पन्न कमी आहे, जे नुकते बाहेर पडले आहेत, त्यांच्यासाठी कौन्सिलने किंवा डेंटल असोसिएशनने समूह पॉलिसी काढावी. हजारो जण एकत्र आले तर हप्ता उतरतो. आणि इंटर्नशिपच्या वर्षात एक दुपार पॉलिसी वाचायला शिकवण्यासाठी द्यावी.

तोवर मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक कन्सल्टंटकडून नोंदणी प्रमाणपत्राबरोबर चालू पॉलिसीची प्रत घेते आणि मागची तारीख स्वतः वाचते. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा दोघांना ते अपमानासारखं वाटलं. एक जण यायचा बंद झाला. अक्कलदाढा काढणारा माझा तो सर्जन आता सलग पॉलिसी ठेवतो आणि नव्या मुलांना तारखेचं महत्त्व सांगतो.

पेशंट म्हणून हे वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे. मोठा उपचार करून घेण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: नोंदणी क्रमांक कोणता, आणि इन्डेम्निटी आहे का. बाहेरून येणारे डॉक्टर उपचार करणार असतील तर त्यांच्याबद्दलही हेच विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावणार नाही. आणि माझ्या डेंटिस्ट मित्रमैत्रिणींनो, आज दवाखाना बंद करण्याआधी तुमची पॉलिसी बाहेर काढा आणि तिच्यावरची रेट्रोअॅक्टिव्ह डेट बघा. ती तुमच्या पहिल्या पॉलिसीची नसेल, तर उद्या सकाळी कंपनीला फोन करा.